माठाखालचा संगणक आणि टिंब दिलेली माणसं

मित्रांनो, दिंद्रुडच्या बसथांब्यासमोर 'धनश्री फ्लेक्स' नावाचं दुकान आहे. आत शिरलात की डाव्या हाताला पाण्याचा माठ दिसेल, त्याच्यावर ताटली, ताटलीवर पेला. येणारा माणूस पाणी पितो, तोंड पुसतो आणि निघून जातो. माठ कशावर ठेवला आहे, हे कुणी बघत नाही.

तो माझ्यावर ठेवला आहे. काळा पत्रा, पुढे एक फुटलेलं बटण आणि अंगावर ओल्या मातीची वर्तुळं, असा मी एक जुना संगणक. माझं म्हणणं ऐकून घ्या. थोडं वाढवून सांगायची मला सवय आहे, पण दगा झाला तो मात्र जसा झाला तसाच सांगणार आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. बीडच्या एका दुकानात इकडचा पंखा, तिकडची पाटी, तिसरीकडचा डबा असं जोडून मला उभं केलं. राधाकिशनने मला एसटीत मांडीवर बसवून गावी आणलं. कंडक्टर म्हणाला, "लेकरू मोठं दिसतंय, अर्धं तिकीट लागंल." राधाकिशन म्हणाला, "घ्या की. कमवून आणणारं लेकरू हाय."

तेव्हापासून मी कमवत होतो. आमच्या भागात फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. वाढदिवस असो, निवड असो, बारसं असो, चौकात फ्लेक्स पाहिजेच. मधे एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. कुणाचा चेहरा कुणापेक्षा बोटभर मोठा झाला, तर दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं. छपाई माजलगावला व्हायची, पण चेहरे सगळे माझ्या पोटात. पोट म्हणजे माझी हार्डडिस्क. एकदा एका निवडीला इतके शुभेच्छुक निघाले की फ्लेक्सचं एक टोक दिंद्रुडात बांधलं आणि दुसरं धारूरच्या किल्ल्यावर. मधल्या गावच्या लोकांनी त्याच्या सावलीत खळी केली. खोटं वाटत असेल तर किल्ल्याला जाऊन विचारा.

निवडणुका आल्या की माणसं पेनड्राइव्ह घेऊन यायची, आणि पेनड्राइव्हबरोबर व्हायरस यायचे. मी इतका आजारी पडलो की चेहऱ्यांना शेपट्या फुटायला लागल्या. शेवटी धारूरच्या कॉलेजातले तानाजी सर आले. त्यांनी माझ्यातली जुनी, चोरून घातलेली प्रणाली काढली आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. त्या दिवसापासून मला साधी शिंक आली नाही. पडद्यावर लिनक्सची खूण असलेला पेंग्विन बसला. गिऱ्हाइकं विचारायची, "राधाकिशन, हे बदक कोणत्या पक्षाची निशाणी हाय?" एकाने तर दबक्या आवाजात विचारलं होतं, "यांचं आपल्या गणात तिकीट कोण वाटतं?"

राधाकिशन मला थोरला म्हणायचा. "थोरला बैल हाय माझा," असं येणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. मी अडलो की माझ्या कुशीवर एक थाप मारायचा, "चल बे थोरल्या," आणि मी चालायचो. माझ्या पाठीमागची हवा इतकी गरम यायची की त्याची आई, छबुबाई, तिथे दुधाचं भांडं ठेवून दही लावायची. मी एका बाजूने फ्लेक्स काढत होतो आणि दुसऱ्या बाजूने विरजण घालत होतो.

आता टिंबाची गोष्ट ऐका. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

एकदा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत सटवा पाटलांचा चेहरा गेला. गॉगल घातलेला, हात जोडलेला. आणि सटवा पाटलांना जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. त्यांचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्याने दुकानात आला. त्याने शिवी दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "आमच्या दादाला आता तरी घरी बसू दे की."

राधाकिशनला फार लागलं. लोक म्हणाले, मेलेल्यांचे फोटो पुसून टाक, म्हणजे घोळ होणार नाही. त्याने पुसायची कळ दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. "माणूस कसा पुसू?" म्हणाला. मग तानाजी सरांनी युक्ती सांगितली. लिनक्समध्ये फाईलच्या नावाआधी एक टिंब दिलं की ती फाईल डोळ्यांआड होते. जाते कुठेच नाही, जागेवरच असते, फक्त दिसत नाही. बघायची असली की दोन कळा एकदम दाबायच्या, म्हणजे सगळी पुन्हा समोर येतात.

तेव्हापासून गावात कुणी गेलं की राधाकिशन मातीवरून यायचा, अंघोळ करून दुकान उघडायचा आणि त्या माणसाच्या नावाआधी एक टिंब द्यायचा. छबुबाई म्हणायची, "मेलेल्यांना तीट लावतो व्हय रे?"

"लावतो," तो म्हणायचा. "नजर नको लागाय कुणाची."

आपल्या बापाच्या, आसारामच्या नावाआधीही त्याने असंच टिंब दिलं. त्या दिवशी कळ दाबायला त्याला वेळ लागला. मी पंखासुद्धा हळू फिरवला.

या टिंबवाल्या माणसांत एक माझे खास होते. सर्जेराव वायरमन. लाईन काढायची, म्हणजे वीज बंद करायची असली की ते रस्त्यावरूनच ओरडायचे, "राधाकिशन, मशीन झोपव रे, लाईन काढतोय." आसपासची यंत्रं जळाली, पण त्यामुळे मी कधी जळालो नाही. एकदा म्हणे आभाळातली वीज थेट आमच्या दुकानावर येत होती, तर खांबावर बसलेल्या सर्जेरावांनी ती पक्कडीत धरली आणि खालच्या विहिरीत विझवली. मी तेव्हा बंद होतो, बघितलं नाही. पण झालं ते असंच झालं.

ते रिटायर झाले तेव्हा त्यांचा फ्लेक्स करायचा होता. ते फोटोसाठी भिंतीवर टांगलेल्या निळ्या पडद्यासमोर बसले, साहेबासमोर बसल्यासारखे ताठ.

राधाकिशन म्हणाला, "सर्जेरावभाऊ, जरा हसा की."

"कावून हसू? रिटायर होतोय, लगीन न्हाई."

तेवढ्यात मी अडलो. राधाकिशनने सवयीने थाप मारली, आणि माझ्यात कुणाच्या तरी प्रचाराचा ढोल राहिला होता, तो दणक्यात सुरू झाला. छबुबाई दचकली आणि तिच्या हातातलं दह्याचं भांडं सर्जेरावांच्या नव्या चपलेवर उपडं झालं. आणि तो माणूस हसला, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. राधाकिशनने तेवढ्यात फोटो टिपला. उभ्या आयुष्यात सर्जेरावांचा हसरा फोटो तेवढा एकच. फ्लेक्सचं पुढे गोठ्यावर छप्पर झालं आणि उन्हात त्यावरचा चेहरा उडाला. पण माझ्या पोटात ते हसतच होते. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांनाही टिंब मिळालं.

आणि मग पप्पू आला.

पप्पू म्हणजे राधाकिशनच्या बायकोचा भाऊ, पुण्याला कंपनीत असतो. त्याच्या पिशवीत जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक होता. मिनी डेस्कटॉप म्हणतात त्याला. आवाज नाही, धूर नाही, ऊब नाही. पप्पू म्हणाला, "दाजी, हा तुमच्या थोरल्याचं महिन्याचं काम आठवड्यात करतो. बोला."

"अन् हे लिनक्स? मला दुसरं काही जमत न्हाई बाबा."

"तेच घालू नव्यात. तुमचं सगळं आहे तसं इकडून तिकडं नेतो. तुम्हाला कळणारबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशनने मला मोकळ्यावर नेलं, फुंकर मारून धूळ काढली, ओल्या फडक्याने पुसलं. किती वर्षांनी माझ्या अंगावरून असा हात फिरला. मला वाटलं, सण आला. मी मनातल्या मनात पेंग्विनला म्हटलं, बघ, अजून आपली किंमत आहे. मित्रांनो, ते पुसणं निरोपाचं होतं, आणि मी खुळा फुगून बसलो होतो.

त्यांनी मला आणि त्या डब्याला एका वायरने जोडलं. पप्पूने माझं पोट उघडलं, समोर दिसत होतं ते सगळं निवडलं आणि ओढून तिकडे टाकलं. मी काहीही हातचं राखलं नाही. माझ्या हाताने वाढून दिलं. वाढदिवस दिले, निवडी दिल्या, बारशी दिली. जो माझ्या जागेवर बसायला आला होता, त्याचं ताट मीच भरलं.

पण पप्पूने दिसत होतं तेवढंच निवडलं होतं. टिंबवाली माणसं माझ्यातच राहिली. मला ते कळलं, आणि मी सांगायचा प्रयत्न केला. तोंड नाही, म्हणून पंखा फिरवला. होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला.

पप्पू म्हणाला, "ऐका दाजी, घरघर लागली. वेळेवर आलो मी."

राधाकिशन हसला. माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी विसरलेलो नाही.

"याला पुसून कोरा करू का?" पप्पूने विचारलं.

"ऱ्हाऊ दे, बघू पुन्हा," राधाकिशन म्हणाला आणि त्याने माझी वायर काढली.

मला वाटलं होतं, निदान त्या नव्याच्या शेजारी बसवतील. काही दिवस मी कोपऱ्यात होतो. उन्हाळा लागला, नवा माठ आला, आणि छबुबाईला तिवई सापडेना. तिची नजर माझ्यावर पडली. "उंचीला बराबर हाय," ती म्हणाली, आणि झालं. ज्याच्या उबेवर तिने दही लावलं, त्याच्या डोक्यावर तिने थंडगार माठ ठेवला. राधाकिशन समोरच बसला होता. त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा त्या डब्याकडे तोंड केलं.

गिऱ्हाइकं विचारायची, "थोरला कुठं गेला?"

"लई कटकट करायचा," राधाकिशन सांगायचा. "हा बघा, आवाजबी न्हाई."

अहो, मी आवाज केला म्हणूनच सर्जेराव हसले होते. पण हे माठाखालून कोण कुणाला सांगणार? माठ झिरपायचा. पाणी माझ्या पाठीवरच्या भोकांतून आत उतरायचं आणि पोटाच्या अगदी जवळून ओघळायचं. गावातली सगळी गेलेली माणसं तिथे होती. मी पत्रा आवळून बसलो होतो. मला माझी काळजी नव्हती. मी गंजलो असतो तर गंजलो असतो. पण माझ्याबरोबर ही माणसं दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी कुणी मातीलासुद्धा आलं नसतं.

मग एका सकाळी दगडाबाई आल्या, सर्जेरावांची बायको. बरोबर त्यांची लेक यशोधरा, माजलगावला शाळेत शिकवते ती. दुसऱ्या दिवशी सर्जेरावांचा पहिला स्मृतिदिन होता, घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, पाहुणे येणार होते.

"जयभीम, राधाकिशनभाऊ. यांचा तो हसरा फोटो काढून द्या. मोठा," दगडाबाई म्हणाल्या.

"जयभीम, वहिनी. बसा, काढतो."

यशोधरा म्हणाली, "काका, माझ्याकडं ओळखपत्रावरचा आहे. पण आई तो लावू देईना."

"त्यात ते मेमो घ्यायला उभे राहिल्यागत दिसत्यात," दगडाबाई म्हणाल्या. "माणूस तसा नव्हता. पाहुण्यांनी हसताना बघू दे त्यांला."

राधाकिशनने त्या नव्या डब्यावर दोन कळा एकदम दाबल्या. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याने पुन्हा दाबल्या. वाढदिवसवाले, निवडवाले, सगळे हात जोडून उभे होते. टिंबवालं एकही माणूस नव्हतं. मी माठाखालून त्याचा चेहरा बघत होतो. आधी त्याला वाटलं कळ अडकली. मग त्याने पप्पूला फोन लावला.

"पप्पू, ती टिंबाची माणसं कुठं टाकली बे?"

तिकडून पप्पू म्हणाला, "कसली टिंबाची? दिसत होतं ते सगळं आणलं की, दाजी."

राधाकिशनने फोन खाली ठेवला. छबुबाई दगडाबाईंसाठी पाणी काढत होती. पेल्यातून सांडलेलं पाणी माझ्या अंगावरून खाली आलं, आणि राधाकिशनची नजर त्या ओघळाबरोबर खाली उतरली. माठ ठेवल्यापासून पहिल्यांदा त्याने मला बघितलं.

"आई, माठ काढ," तो म्हणाला.

"अगं बाई, भरलेला हाय. आत्ताच भरलाय."

"काढ म्हणतो ना."

त्याने माझा बाजूचा पत्रा उघडला. आतून पाणी गळालं. कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. राधाकिशनने फडक्याने आतलं पाणी टिपलं. शेवटी दगडाबाईंनी विचारलं, "काय झालं भाऊ? यांचा फोटो हाय न्हवं?"

"हाय," तो म्हणाला, "यात हाय. हा चालू झाला तर."

दगडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माठाकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "यांनी इतकी वर्षं जपलेलं मशीन. लाईन काढायच्या आधी रस्त्यातून वरडायचे, जेवण टाकून जायचे. अन् तुमी त्याच्यावर पाणी ठेवलं?"

छबुबाईने पदर तोंडाला लावला. मग तीच पुढे झाली आणि म्हणाली, "वाळवू की. कुरडया वाळत्यात, हा न्हाई वाळायचा का?" तिने अंगणात बाज टाकली, वर जुनं धोतर पसरलं आणि मला उघड्या पोटाने उन्हात ठेवलं. दगडाबाई घरी गेल्या नाहीत. बाजेशेजारी पोत्यावर बसून राहिल्या आणि माझ्याकडे येणारं कोंबडं हाकलत राहिल्या. वाळवणाची राखण करतात तशी त्या नवऱ्याच्या हसण्याची राखण करत होत्या.

ऊन कलल्यावर मला आत नेलं आणि वायर लावली. राधाकिशनने बटण दाबलं. मी चालू झालो नाही.

खरं सांगू का? होऊ शकलो असतो. पण मी मनात म्हटलं, आता कावून आठवण आली? जा त्या डब्याकडे. राधाकिशनने माझ्या कुशीवर थाप मारली. हात तोच होता. "चल बे थोरल्या," म्हणाला. तरी मी हललो नाही.

मग दगडाबाई जवळ आल्या. त्यांनी थाप मारली नाही. पदराने माझ्या अंगावरचं मातीचं वर्तुळ पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, हसा की."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. आत असलेल्या माणसाशी बोलत होत्या. मित्रांनो, मी राधाकिशनसाठी चालू झालो नाही, हे लिहून ठेवा. ज्यांनी माझ्यासाठी वीज पक्कडीत धरली, त्यांच्यासाठी झालो. पंखा खरडला, कुंभारमाशीची माती उडाली, पोटातून कडकड आवाज आला, आणि पेंग्विन डोळे चोळत पडद्यावर आला.

राधाकिशनने दोन कळा दाबल्या. सगळी आली. सटवा पाटील गॉगल लावून, कुणाची आजी, कुणाचा चुलता, आणि रांगेत सर्जेराव, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून.

"हे बघ," दगडाबाई लेकीला म्हणाल्या. "चपलेवर दही सांडल्यालं हाय म्हणून हसत्यात." यशोधराने पडद्याला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

पण राधाकिशन दुसरीकडेच बघत होता. खालच्या रांगेत त्याचा बाप होता, आसाराम, डोक्याला पटका बांधलेला. इतके महिने तो नव्या डब्यासमोर बसला होता आणि बाप मागे राहिला, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. छबुबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "यांनाबी माठाखालीच ठेवलं व्हय रे आपण?"

मला वाटलं, आता मला माझी जागा मिळणार. तुम्हालाही वाटलं असेल.

राधाकिशनने पुन्हा ती वायर आणली. टिंबवाली सगळी माणसं त्या डब्यात उतरवली. या वेळी एकेक नाव वाचून, तपासून घेतली. मग पेचकस घेतला आणि माझं पोटच काढून घेतलं. पुन्हा गरज लागली तर असावं म्हणून ते मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. पोट जपलं. मला नाही. रिकामा पत्रा कोपऱ्यात गेला, आणि दोन दिवसांनी छबुबाई इकडे तिकडे बघत माठ घेऊन आली. या वेळी तिने खाली एक फडकं घातलं, एवढाच काय तो फरक.

पोट नसताना हा बोलतो कसा, असं विचारू नका. आमच्याकडे रिकामी माणसंच जास्त बोलतात.

माठ ठेवायच्या आधी राधाकिशनने एक गोष्ट केली, ती मात्र सांगितली पाहिजे. त्याने फोनवर माझा एक फोटो काढला. फुटलेलं बटण, मातीची वर्तुळं, सगळं आलं. तो त्या नव्या डब्यात घातला आणि नाव लिहिलं, थोरला. मग थोडा वेळ बसला, आणि नावाआधी एक टिंब दिलं. समोरच्या पडद्यावरून मी दिसेनासा झालो. माठाखालून मी ते बघत होतो. सर्जेराव, आसाराम, सटवा पाटील यांच्या रांगेत त्याने मला बसवलं, हा मान खरा. पण मित्रांनो, मी गेलो नव्हतो. मी इथेच होतो, दोन पावलांवर.

म्हणून एवढंच मागतो. नवं आणायला माझी ना नाही, मीही कधी नवा होतो. पण जुन्याकडून घेऊन निघालात की घटकाभर थांबा. दिसतं तेवढंच घेऊ नका. आणखी काही आहे का, असं त्याला विचारा, आणि त्याने आवाज केला तर त्याला घरघर म्हणू नका. दुकानात आलात तर पाणी जरूर प्या, थंड असतं. मात्र पेला ठेवताना एकदा खाली बघा. पत्र्यावरून काही ओघळताना दिसलं, तर तो माठ झिरपतोय. माझ्या आत आता ओघळण्यासारखं काही ठेवलेलं नाही.